मटापी

फळ्यावर मी लिहिलं : मिश्रणातले घटक वेगळे करणे.
खाली ओळीनं : गाळणे. निवळणे. आटवणे.
चौथ्या शब्दाला खडू संपला.

रूपुनुनीच्या माळावरच्या या शाळेत
काचेचं पात्र एकच, त्याच्या काठाला तडा.
गाळणकागद जॉर्जटाउनहून निघालाय म्हणे,
डिसेंबरातच निघालाय,
कुठल्याशा ट्रकात, कुठल्याशा चिखलात.

मागच्या बाकावरून डेरन उठला.
"मिस, हे सगळं माझी मावशी करते.
मंगळवारी."

मंगळवारी बावीस पोरं आणि मी.
युलालीमावशी अंगणात, मांडीला किसणी टेकवून :
पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडलेली.
मान वर न करता म्हणाली,
"हात लावू नका. हा कडू कसावा.
गोड असतो तो पोरांना उकडून घालायचा.
घर चालतं ते कडूवर."

ओला, थंड, पांढरा किस
तिनं मटापीत ठासला.
वेताची विणलेली लांब नळी,
भरली तशी आखूड झाली, जाड, पोटुशी.
आढ्याला टांगली, खालच्या कडीत दांडा घातला
आणि दांड्यावर बसवली माझी अर्धी इयत्ता.
पोरांच्या वजनानं ती ताणत गेली,
ताणत, बारीक होत,
अंग पिळवटून
थेंब
थेंब
मग धार, पिवळसर, कडू बदामाच्या वासाची.

"गेल्या साली माझ्या डुकरिणीनं यात तोंड घातलं.
दहा पावलं चालली.
मी मोजली."

मग थांबलो. थांबणं पुस्तकात नसतं,
पुस्तकात असतं 'काही वेळाने'.
त्या काही वेळात तिनं एका झग्याला बाही लावली,
दोन भांडणं सोडवली,
कोंबड्या हाकलल्या सात वेळा,
आणि मला विचारलं, तुझं लग्न कशानं मोडलं गं.
मी म्हटलं, निवळतंय अजून.
ती हसली. टाका घातला. दोरा तोडला दातानं.

वरचं पाणी तिनं अलगद ओतून घेतलं.
तळाला साका, घट्ट, चांदण्यासारखा नाही,
पिठासारखाच पांढरा.
त्यातला खडा मोडून माझ्या हातात दिला :
"वाळव. फळ्यावर लिही."

विष चुलीवर चढलं.
वाऱ्याच्या अंगाला कुणी बसायचं नाही.
फेस आला, फेस मेला,
उन्हं कलली तरी ती ढवळतेच आहे,
आणि सांजेला काहिलीत काकवीसारखं काळं काही,
दाट, चमकणारं.
बोट बुडवून आधी तिनं चाखलं.
पोरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.
मग पोरांनी चाखलं.

"मग जहर कुठं गेलं, मिस?"
हवेत, मी म्हटलं.
"आणि नदीतलं?"

तिकडे कुडाशी क्लेमंट बसला होता,
इतका वेळ, इतका गप्प, की मला तो खांब वाटला.
सहा वर्षं खाणीवर होता.
रेतीतून सोनं धरायला पारा,
पाऱ्यातून सोनं सोडवायला जाळ,
तवा नाकाच्या उंचीवर.
सोनं सुटलं. ते कुणीतरी नेलं.
पारा सुटला.
थोडा नदीत गेला, थोडा माशात,
माशातून कुणाकुणात,
आणि थोडा कुठं जायचं न सुचून
या माणसातच राहिला.
याला कुठल्या दांड्यावर बसवायचं?
पोरं माझ्याकडे बघत होती. मी काहिलीकडे.

युलालीनं पेला भरला त्याच्यासाठी, अर्धाच.
अर्ध्यापेक्षा जास्त सांडतं,
हेही तिनं मोजलेलं असणार.
त्यानं दोन्ही हातांनी धरला.
पत्र्याचा कडा दातांवर वाजत राहिला,
बारीक, पावसाळी किड्यासारखा,
आणि पोरांपैकी कुणीही हसलं नाही.

शुक्रवारी साक्याचा खडा वाळला.
फळ्यावर ओढून पाहिला : उमटतो, फिका.
तीन शब्द गिरवले.
चौथी ओळ मोकळी सोडली.
पोरांनी ती वहीत
तशीच उतरवून घेतली.